नेट गेलं की काट्याचा प्रोग्राम मरतो: हीपट्रॅक लावून मेमरी कुठे अडते ते शोधणे

लक्षण असं आहे. जिनिंगच्या गेटवरच्या वजनकाट्याला जोडलेला संगणक दोन-चार दिवस नीट चालतो. मग एखाद्या संध्याकाळी, गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली असताना, स्क्रीन संथ होते, माऊस अडखळतो आणि काट्याचा प्रोग्राम आपोआप बंद पडतो. पुन्हा सुरू केला की सगळं सुरळीत. काट्यावरचा पोरगा फोन करतो, "भाऊ, काटा पुन्हा अटकला जी. लाइन तर हाये." आणि ज्याने प्रोग्राम लिहिला तो नागपुरातून सांगतो, माझ्याकडे आठवडा-आठवडा चालतो, मला तर काहीच दिसत नाही.

दोघंही खरं बोलतात. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर भागातल्या काट्यांवर मी ही तक्रार पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि तिचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. तिथपर्यंत कसं पोचायचं ते खाली सविस्तर लिहितो. त्यासाठी हीपट्रॅक वापरायचं, म्हणजे प्रोग्राम कुठून किती मेमरी मागतो ते टिपणारं साधन. प्रोग्राम वजनाबरोबर गाडीचे फोटो काढतो आणि नोंद नेटवरून सर्व्हरला पाठवतो, तो सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे आणि संगणकावर उबुंटू किंवा डेबियन आहे असं धरलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

आधी लाइट की मेमरी ते ठरवा

खेड्यात काहीही बंद पडलं की पहिला संशय लाइटवर जातो, आणि तो वावगाही नाही. पण लाइट जाऊन संगणक बंद पडणं आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) प्रोग्राम मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा इलाजही वेगळा. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सगळ्यात जास्त जागा खाणारी प्रोसेस निवडून मारतो आणि तशी नोंद ठेवतो. "जर्नलसीटीएल -के" चालवा आणि "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" अशी ओळ शोधा. मधे संगणक बंद-चालू झाला असेल तर आधीच्या बूटची नोंद "जर्नलसीटीएल -के -बी -१" ने मिळते. ती मिळत नसेल तर नोंदी डिस्कवर साठत नाहीत असं समजा. "व्हार" खालच्या "लॉग" फोल्डरात "जर्नल" नावाचं फोल्डर तयार करून जर्नलची सेवा पुन्हा सुरू केली की पुढच्या वेळेपासून त्या टिकतात. हे काम मोसमाआधीच करून ठेवावं, कारण पुरावा एकदा गेला की पुन्हा चार दिवस थांबावं लागतं.

ती ओळ सापडली तर पुढे वाचा. नसेल तर यूपीएस, अर्थिंग आणि पॉवर सप्लाय बघा, त्यात हीपट्रॅकचं काही काम नाही.

रोज रात्री रीस्टार्ट मारणं हा इलाज का नाही

बहुतेक ठिकाणी यावर एकच तोड काढलेली दिसते: पहाटे तीनला प्रोग्राम आपोआप बंद करून पुन्हा सुरू करायचा. मला हे अजिबात पटत नाही, आणि कारण फक्त तांत्रिक नाही. सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन पहिला वेचा घरात आला की पुढचे काही महिने गेटवर रात्रीसुद्धा गाड्या उभ्या असतात. पहाटे तीनला काट्यावर भरलेली ट्रॉली उभी असू शकते. त्याहून वाईट म्हणजे, सर्व्हरला अजून न गेलेल्या नोंदी प्रोग्रामने फक्त मेमरीत धरल्या असतील तर रीस्टार्टबरोबर त्या कायमच्या जातात. शेतकऱ्याच्या हातात काटापावती असते आणि हिशेबात ती गाडीच नसते. मग तो माणूस चुकाऱ्यासाठी हेलपाटे घालतो. प्रोग्राम मेमरी का धरून ठेवतो हे शोधणं म्हणूनच गरजेचं आहे.

प्रोफायलरच्या आधी एक साधी वही

थेट साधन लावण्याआधी दोन दिवस नुसतं मोजा. दर पाच मिनिटांनी "प्रॉक" खालच्या त्या प्रोसेसच्या "स्टेटस" फाइलमधून "व्हीएमआरएसएस" (प्रोग्रामने प्रत्यक्षात व्यापलेली मेमरी, थोडक्यात आरएसएस) ही ओळ उचलून एका फाइलमध्ये वेळेसकट लिहायची. शेजारी त्या क्षणी नेट चालू होतं की नाही, हेही लिहायचं. चार ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते.

या वहीत आकडा कसा चढतो ते फार बोलकं असतं. तो घड्याळाबरोबर सारखा चढत असेल तर दर सेकंदाला होणाऱ्या कामात काहीतरी अडकतंय, म्हणजे इंडिकेटरवरून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रावरून) सीरियल पोर्टने येणाऱ्या वजनाच्या ओळी वाचण्यात. तो पायऱ्यापायऱ्यांनी, दर गाडीमागे चढत असेल तर संशय फोटो, पावती आणि नोंदीवर. आणि पायऱ्या फक्त नेट नसतानाच चढत असतील, नेट आल्यावर चढ थांबत असेल, तर अर्धं निदान तिथेच झालं.

मी पाहिलेल्या बहुतेक काट्यांवर हा तिसरा प्रकार निघाला. गावाकडे नेट जायला कारण लागत नाही. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली, किंवा लाइट जाऊन टॉवरची बॅटरी उतरली, की संध्याकाळपर्यंत सगळं बंद. नागपुरातल्या टेबलावर नेट जातच नाही, म्हणून तिथे प्रोग्राम आठवडाभर चालतो. बिघाड काट्यावर आहे, तेव्हा मोजणीही काट्यावरच झाली पाहिजे.

हीपट्रॅक का, व्हॅलग्राइंड का नाही

व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं उत्तम साधन आहे, पण त्यातलं मेमरीचा वापर मोजणारं मॅसिफ प्रोग्रामला सुमारे २० पट संथ करतं. काट्यावर गाडी उभी असताना ते चालणार नाही. त्यातलं दुसरं साधन, मेमचेक, इथे दिशाभूल करतं. ते न सोडलेली, जिचा पत्ताच हरवला अशी मेमरी शोधतं. आपल्या प्रोग्राममधली मेमरी हरवलेली नाही. ती एका रांगेत व्यवस्थित धरून ठेवलेली आहे, आणि प्रोग्राम नीट बंद केला की रांग रिकामी होऊन सगळी सोडलीही जाते. मेमचेक मग सांगतं की सगळे ब्लॉक सोडले गेले, गळती शक्य नाही. हे वाचून प्रोग्राम लिहिणारा निर्धास्त होतो आणि चार दिवसांनी काटा पुन्हा बंद पडतो.

हीपट्रॅक हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींमधले मिलियन वुल्फ यांनी २०१४च्या डिसेंबरात जाहीर केलेलं मुक्त साधन. प्रोग्रामने मेमरी मागण्यासाठी आणि परत करण्यासाठी केलेली प्रत्येक हाक ते मधेच टिपतं आणि ती कोणत्या फंक्शनमधून आली याचा माग लिहून ठेवतं. मॅसिफपेक्षा त्याचा भार खूप कमी असतो. मोठी सोय म्हणजे आधीच चालू असलेल्या प्रोग्रामलाही ते जोडता येतं.

लावायचं कसं

"सुडो एपीटी इन्स्टॉल हीपट्रॅक जीडीबी" एवढं केलं की काम होतं. चालू प्रोग्रामला जोडण्यासाठी जीडीबी हा डीबगर लागतो, म्हणून तो सोबत घ्या. काट्यावर नेट नसेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट एवढ्यासाठी पुरतं.

मग "पीआयडीऑफ" ने प्रोग्रामचा प्रोसेस नंबर काढा आणि "सुडो हीपट्रॅक --पीआयडी" पुढे तो नंबर द्या. सुडो विसरलात तर "ऑपरेशन नॉट परमिटेड" असं येतं. उबुंटूवर एका प्रोसेसने दुसरीत डोकावण्यावर मुळातच बंधन घातलेलं असतं, हे त्याचं कारण.

जोडताना प्रोग्राम क्षणभर थांबतो, आणि क्वचित अडकून बंदही पडू शकतो. त्यामुळे काटा रिकामा असताना, शेवटची पावती निघाल्यावरच जोडा, आणि काट्यावरच्या माणसाला आधी सांगा. "दादा, दोन मिनिटं गाडी चढवू नका" एवढं म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही.

जोडल्यावर नेटची केबल काढा. हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. नेट आपोआप जायची वाट बघत बसू नका. केबल काढून ठेवा आणि नेहमीचं काम चालू द्या. दहा-पंधरा गाड्या झाल्या की पुरे. प्रोग्राम मरेपर्यंत ताणू नका. हीपट्रॅकच्या टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबलं की ते स्वतःला सोडवून घेतं, प्रोग्राम पुढे चालू राहतो आणि त्याच फोल्डरात एक दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल तयार असते. केबल परत लावायला विसरू नका.

डिस्कवर जागा किती आहे ते आधी बघा, कारण फाइल सतत वाढत असते. संगणक फारच जुना असेल तर "--रॉ" हा पर्याय द्यावा. त्यात फंक्शनची नावं शोधण्याचं काम तिथल्या तिथे होत नाही, ते नंतर करता येतं.

वाचायचं कसं

"हीपट्रॅक_प्रिंट" ला ती फाइल दिली की लांबलचक मजकूर येतो. काट्याच्या संगणकावर तो वाचत बसण्यापेक्षा फाइल पेनड्राइव्हवर घ्या. ज्या मशीनवर हीपट्रॅकची ग्राफिकल आवृत्ती आहे तिथे ती उघडली की आलेखही दिसतात. पण मजकूर पुरेसा असतो.

या मजकुरातले तीन भाग नीट ओळखावे लागतात, कारण चुकीचा भाग धरून लोक आठवडे घालवतात.

सगळ्यात वर "मोस्ट कॉल्स", म्हणजे मेमरी मागण्याच्या हाका सर्वात जास्त कुठून आल्या त्याची यादी. आपल्या प्रोग्राममध्ये तिथे हमखास सीरियल पोर्ट वाचणारं फंक्शन दिसेल. इंडिकेटर सेकंदाला १० ओळी पाठवतो असं धरलं तर दिवसाला ८ लाख ६४ हजार ओळी होतात, आणि प्रत्येक ओळीसाठी छोटी स्ट्रिंग तयार होते. आकडा बघून धडकी भरते. पण ती स्ट्रिंग लगेच सोडली जाते. तिथे वेळ थोडा वाया जात असेल, मेमरी मात्र साठत नाही. या भागाला हात लावू नका.

आणखी एक भाग "लीक". चालू प्रोग्रामला हीपट्रॅक जोडलं आणि मधेच सोडवलं की त्या क्षणी जे जे सोडलेलं नव्हतं ते सगळं तो गळती म्हणून मोजतो. कामात असलेली मेमरीसुद्धा त्यात येते. त्यामुळे या आकड्यावरून प्रोग्राम लिहिणाऱ्याशी भांडायला जाऊ नका.

आपल्याला हवा तो भाग "पीक मेमरी कन्झ्युमर्स". मेमरी सर्वात जास्त भरली होती त्या क्षणी ती कोणाकोणाच्या नावावर होती, हे तो सांगतो. नेट नसताना केलेल्या मोजणीत इथे पहिल्याच ओळीला उत्तर असतं. आपल्या उदाहरणात ते कॅमेऱ्याची फ्रेम वाचणाऱ्या फंक्शनवर येतं. हाका मोजक्या, पण मेमरी शेकडो एमबी.

हिशेब करून बघा. १९२० गुणिले १०८० ची फ्रेम ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत उघडली की प्रत्येक बिंदूला ३ बाइट लागतात, म्हणजे एक फ्रेम ६२ लाख २० हजार ८०० बाइटची. गाडी काट्यावर दोनदा येते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. कॅमेरे दोन असतील तर एका गाडीमागे चार फ्रेम, म्हणजे सुमारे २५ एमबी. २ जीबीच्या मशीनवर बाकी सगळं धरून दीड जीबी मोकळी असेल तर साठ गाड्यांत खेळ संपतो. मोसमात दुपारी नेट गेलं तर संध्याकाळपर्यंत साठ गाड्या सहज होतात. बरोबर संध्याकाळी, रांग सर्वात लांब असतानाच काटा का बंद पडतो, ते या गणितात आहे.

माग कॅमेऱ्यावर जातो, दोष तिथे नसतो

इथे नीट थांबून विचार करावा लागतो, कारण हीपट्रॅकचं उत्तर खरं असूनही अपुरं असतं. ते सांगतं मेमरी कोणी मागितली. ती अजून कोणी धरून ठेवली आहे, ते सांगत नाही. दुकानाच्या वहीत माल कोणी उचलला ते लिहिलेलं असतं, तो कोणाच्या घरी पडून आहे ते नसतं. त्यामुळे माग बघून कोणी कॅमेऱ्याची लायब्ररी बदलतं, कोणी ओपनसीव्हीची आवृत्ती, आणि फरक काहीच पडत नाही.

मागात ज्या फंक्शनमध्ये आपल्या प्रोग्रामची हद्द सुरू होते तिथे जा आणि ती फ्रेम पुढे कुठे कुठे दिली जाते ते वाचा. ओपनसीव्हीची फ्रेम दुसऱ्या चलात ठेवली तरी नक्कल होत नाही, दोघं एकच मेमरी वाटून घेतात, आणि शेवटचा धरणारा सोडेपर्यंत ती मोकळी होत नाही. या प्रोग्राममध्ये शेवटचा धरणारा म्हणजे सर्व्हरला पाठवायच्या नोंदींची रांग. नेट असलं की नोंद एक-दोन सेकंदांत जाते आणि फ्रेम सुटते. नेट नसलं की नोंद रांगेत, फ्रेम नोंदीत, आणि रांगेला मर्यादाच नाही.

मागात फंक्शनच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा नुसती लायब्ररीची नावं येत असतील तर प्रोग्राम डीबग माहितीशिवाय बांधला आहे. कंपायलरला "-जी" देऊन पुन्हा बांधून घ्या आणि "स्ट्रिप" करू नका, म्हणजे ती माहिती काढून टाकू नका. आणि हीपट्रॅकला काहीच दिसत नसेल, आकडे शून्याजवळ असतील, तर प्रोग्राम पूर्ण स्टॅटिक लिंक केलेला आहे का, म्हणजे सगळ्या लायब्ररी त्याच्याच फाइलमध्ये बांधल्या आहेत का, ते विचारा. हाका मधे अडवण्याची हीपट्रॅकची युक्ती तिथे लागू पडत नाही.

दुरुस्ती

फोटो काढल्याबरोबर जेपेगमध्ये दाबा आणि मूळ फ्रेम तिथेच सोडा. एवढ्याने गाडीमागचे २५ एमबी एक-दोन एमबीवर येतात. पण तेवढ्यावर थांबू नका. दाबलेला फोटो आणि वजनाची नोंद डिस्कवर, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, पावती छापण्याच्या आधी लिहून टाका. मेमरीतल्या रांगेत फक्त नोंदीचा क्रमांक ठेवा. नेट आठवडाभर नसलं तरी मेमरी वाढत नाही, आणि लाइट गेली तरी पावती दिलेली गाडी हरवत नाही.

एसक्यूलाइट वॉल पद्धतीत (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) चालवत असाल तर "सिंक्रोनस" "फुल" ठेवा. "नॉर्मल" वर फाइल बिघडत नाही, पण अचानक लाइट गेली तर शेवटच्या एक-दोन नोंदी जाऊ शकतात. त्या एक-दोन नोंदी म्हणजे कोणाच्या तरी दोन ट्रॉल्या कापूस आहे.

दुरुस्तीनंतर पुन्हा तीच चाचणी करा: केबल काढून, जवळपास तेवढ्याच गाड्या. मग "हीपट्रॅक_प्रिंट" ला "--डिफ" देऊन जुनी आणि नवी फाइल एकमेकींशी ताडून बघा. कॅमेऱ्याची ओळ पहिल्या जागेवरून खाली गेली पाहिजे.

दुरुस्तीनंतरही आरएसएस खाली येत नाही

हा प्रश्न ठरलेला. हीपट्रॅक सांगतं की फ्रेम सुटल्या, पण "टॉप" मधला आकडा वरच. पाहणाऱ्याला वाटतं दुरुस्ती फसली. तसं नसतं.

जीलिबसी, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामला मेमरी देणारी मूळ लायब्ररी, १२८ केबीपेक्षा मोठी मागणी सुरुवातीला थेट कर्नलकडून वेगळी घेते, आणि सोडली की ती लगेच परत जाते. पण अशी मोठी मेमरी एकदा सोडली की ही सीमा आपोआप त्या आकारापर्यंत वर सरकते. ६४ बिटच्या मशीनवर ती ३२ एमबीपर्यंत जाऊ शकते. म्हणजे पहिली सहा एमबीची फ्रेम सुटली की पुढच्या फ्रेम साध्या ढिगातून दिल्या जातात, आणि सोडल्यावर तो ढीग कर्नलला परत मिळेलच असं नाही. प्रोग्राम तीच जागा पुन्हा वापरतो, त्यामुळे आकडा वर असला तरी एका पातळीवर थांबतो. थांबला असेल तर काळजी नको.

मशीन फारच लहान असेल आणि जागा परत हवीच असेल, तर प्रोग्राम सुरू करताना "मॅलॉक_एममॅप_थ्रेशोल्ड_" हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १३१०७२ ठेवा. सगळी अक्षरं कॅपिटल, आणि शेवटची अंडरस्कोर नावाचाच भाग आहे. ते दिलं की सीमेचं आपोआप सरकणं बंद होतं. प्रोग्रामला बरेच थ्रेड असतील तर "मॅलॉक_अरीना_मॅक्स" २ ठेवल्यानेही फरक पडतो, कारण एरवी ६४ बिटवर दर कोअरमागे आठपर्यंत वेगळे ढीग तयार होऊ शकतात.

प्रोग्राम सुरू ठेवणाऱ्या सिस्टमडीच्या सेवेत "रीस्टार्ट" "ऑन-फेल्युअर" आणि "मेमरीमॅक्स" ला एक मर्यादा हे दोन्ही ठेवाच. नोंदी डिस्कवर गेल्यानंतरच ते सुरक्षित आहे, त्याआधी ठेवलं तर मघाशी सांगितलेल्या पहाटेच्या रीस्टार्टसारखाच प्रकार होतो.

तुमच्या काट्याचा प्रोग्राम पायथनमध्ये असेल तर हीपट्रॅकच्या मागात पायथनच्या इंटरप्रिटरचीच फंक्शनं दिसतील, तुमच्या कोडची ओळ नाही. तिथे मेमरे हे पायथनसाठीचं असंच साधन वापरा. "मेमरे अटॅच" ला प्रोसेस नंबर दिला की तेही चालू प्रोग्रामला जोडता येतं. केबल काढण्याची चाचणी तिथेही तीच, आणि तिथेही आधी सर्वात वरचं शिखर बघायचं, गळतीची यादी नंतर.